प्रोबेट मिळालं, पण इस्टेटीचं काम बाकी आहे? कोर्टातून मुदतवाढ कशी घ्यायची, नागपूरकरांसाठी सविस्तर

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, हातात आलं की बहुतेक घरांत समजतात कोर्टाचं काम संपलं, आता फक्त बँका आणि सरकारी ऑफिसं. वकिलांची फी चुकती होते, फाइल कपाटात जाते, आणि मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे इस्टेटीचा कारभार पाहणारा) म्हणून ज्याचं नाव आहे तो मोठा मुलगा नाहीतर भाचा पुढचं वर्षभर एफडी, प्लॉट, शेअर्स यांच्या मागे फिरत राहतो. पण कायद्याने त्याला परत कोर्टात जाऊन दोन कागद द्यायचे असतात, एक सहा महिन्यांत आणि दुसरा वर्षात, आणि हे त्याला कुणी धड सांगितलेलंच नसतं. काम राहिलं असेल तर मुदत वाढवून मिळते, त्यात कमीपणा काही नाही, पण ती मागावी लागते.

हे येतं भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ३१७ मधून. प्रोबेट किंवा लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एक्झिक्युटर नसेल तेव्हा कोर्ट देतं तो कारभाराचा अधिकार) मिळाल्यापासून ६ महिन्यांत मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी द्यायची, म्हणजे काय ताब्यात आहे, कुणाकडून किती येणं आहे, सगळं. आणि १ वर्षात हिशेब द्यायचा, म्हणजे हातात काय आलं आणि त्याचं काय केलं. याच कलमात लिहिलंय की हे "किंवा न्यायालय ठरवून देईल त्या पुढील मुदतीत" करता येतं. आपला सगळा अर्ज या एका वाक्यावर उभा आहे.

आता नागपूरचं. आपल्याकडे हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही, तरी लोकं घेतात, काहून की बँक अडवते, सोसायटी अडवते, किंवा एखादा भाऊ म्हणतो विल खोटं आहे. विल नसेल, किंवा विल आहे पण एक्झिक्युटर नेमलेला नाही, तर प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घ्यावं लागतं. दोघांनाही कलम ३१७ सारखंच लागू आहे. फरक एवढाच की लेटर्सवाल्याने कोर्टात बॉण्ड दिलेला असतो, बहुतेक वेळा जामीनदारासकट, त्यामुळे त्याने हिशेब नाही दिला तर जामीनदाराच्याही गळ्याशी येतं. तुमच्या जामिनावर मामांनी सही केली असेल तर हे त्यांनाही वाचायला द्या.

सगळ्यात आधी तारीख मोजा

प्रोबेटचा कागद काढा. त्यावर ऑर्डरची तारीख असते आणि सही-शिक्क्याचं प्रोबेट प्रत्यक्ष दिल्याची तारीख असते, या दोन्हींत कधी कधी बरेच दिवस जातात कारण मध्ये कोर्ट फी भरणं, स्टॅम्प, टायपिंग सगळं असतं. कोणत्या तारखेपासून मोजायचं यावर उगाच वाद नको म्हणून जी आधीची तारीख आहे तिथून मोजा, तुमचं नुकसान काहीच नाही. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, ३० दिवस नाही. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलं तरी चालतं, पण कृपा करून यावर अवलंबून राहू नका, कारण सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सिव्हिल लाईन्समध्ये फाइलिंगच्या खिडकीवर काय गर्दी असते ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत.

मोबाईलमध्ये दोन रिमाइंडर लावा, पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला एक आणि अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला एक. अर्ज मुदत संपायच्या आधी जाणं हीच यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. आधी दिलेला अर्ज साधा असतो. नंतर दिला की आधी उशीर का झाला ते सांगा, मग मुदत मागा, असं दुप्पट काम.

नाही दिलं तर काय होतं

बरेच जण म्हणतात काही होत नाही भाऊ, कोणी विचारत नाही. रोजच्या व्यवहारात हे खरंही आहे, कोर्ट स्वतःहून फोन करून विचारत नाही. पण कलम २६३ पाहा. योग्य कारण नसताना मुद्दाम यादी किंवा हिशेब दिला नाही तर तेवढ्यावर प्रोबेट रद्द करायचा अर्ज होऊ शकतो. म्हणजे ज्या बहिणीला वाटतं की आपल्याला कमी मिळालं तिच्या हातात तुम्ही स्वतः आयतं कारण देता. शिवाय कोर्टाने मागितल्यावरही जाणूनबुजून दिलं नाही तर तो गुन्हा आहे, आणि यादी किंवा हिशेब जाणूनबुजून खोटा दिला तर ती खोटी साक्ष धरली जाते. घरात सगळं गोडीगुलाबीचं असेल तेव्हाच हे कागद करून ठेवा, वाद झाल्यावर तोच हिशेब लिहायला बसणं फार त्रासाचं होतं.

यादी आणि हिशेब यांची गल्लत करू नका

यादीला सहसा मुदतवाढ लागत नाही, आणि लागू देऊही नका. प्लॉट विकला नाही, शेअर्स नावावर झाले नाहीत, तरी ते आहेत हे तर तुम्हाला माहीत आहे ना, मग यादीत अंदाजे किमतीसह लिहायला हरकत काय. प्रोबेटच्या अर्जासोबत मालमत्तेचं आणि देण्यांचं परिशिष्ट जोडलेलं असतं, त्याच क्रमाने, त्याच नंबरने यादी करा, म्हणजे ताडून पाहणाऱ्याला सोपं जातं. नंतर एखादी गोष्ट नवीन सापडली, जुन्या पासबुकातलं खातं, लॉकर, कुणाला दिलेलं हातउसनं, तर ती शेवटी वेगळ्या मथळ्याखाली लिहा आणि कोर्ट फीत फरक पडतो का ते वकिलांना लगेच विचारा, लपवून ठेवू नका. बँकेत १० वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवींचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात पण वारसाचा हक्क जात नाही. ते शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालेलं. यादी करायच्या आधी तिथे मयताचं नाव टाकून पाहाच.

हिशेबाची गोष्ट वेगळी आहे. तो पूर्ण व्हायला मालमत्ता गोळा होऊन, देणी फिटून, वाटप व्हावं लागतं, आणि नागपुरात ते वर्षात होईलच असं नाही. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर लीजचं नूतनीकरण आणि नाव चढवणं अडकतं, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) प्लॉटचं नामांतर अडकतं, सिटी सर्व्हेत आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नोंद राहिलेली असते, गावाकडे सातबाऱ्यावर फेरफाराला कुणीतरी हरकत घेतो. शेअर्सचा लाभांश सलग ७ वर्षं उचलला नसेल तर ते शेअर्सच केंद्र सरकारच्या आयईपीएफकडे (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी) जातात, तिथून परत मिळवायला आधी कंपनीकडून कागद, मग ऑनलाइन अर्ज, मग कंपनीची पडताळणी, ही गाडी हळूच चालते. किंवा मयताच्या नावाने कोर्टात एखादा दावाच चालू असतो. मुदतवाढीसाठी ही सगळी कारणं चांगली आहेत, फक्त प्रत्येकाचा कागद हवा.

कागद गोळा करा

प्रोबेटची सर्टिफाइड कॉपी, दाखल केलेल्या यादीची शिक्का असलेली प्रत, इस्टेटीच्या बँक खात्याचं स्टेटमेंट, आणि प्रत्येक अडलेल्या कामाचा पुरावा. पुरावा म्हणजे नासुप्रला दिलेल्या अर्जाची पोच, भूमापन ऑफिसची पावती, कंपनीचा ईमेल, चालू दाव्याचा रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद). पोच नसलेला अर्ज कोर्टात तोंडी सांगण्यासारखाच, म्हणून आजपासून कुठल्याही ऑफिसात कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच, बाबू म्हणाला "राहू द्या, आम्ही बघतो" तरी नम्रपणे घ्या.

इस्टेटीसाठी वेगळं खातं नसेल तर ते आधी करा. एक्झिक्युटरच्या स्वतःच्या सेव्हिंगमध्ये मयताच्या एफडीचे पैसे आले आणि त्यातूनच घरचा किराणा गेला तर हिशेब कितीही प्रामाणिक असला तरी सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

मग एक तात्पुरता हिशेब बनवा, आजपर्यंतचा. मुदतवाढ मागताना हा सोबत जोडा असं माझं ठाम मत आहे, कायदा तो अर्जासोबत मागत नाही तरीसुद्धा, कारण न्यायाधीशांना दिसतं की माणूस काम करून राहिला आहे, झोपलेला नाही. साधाच ठेवा, काय आलं, काय गेलं, काय शिल्लक, आणि प्रत्येक ओळीपुढे पावतीचा नंबर. खर्चाचा क्रमही कायद्याने ठरलेला आहे, आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा रास्त खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग घरच्या नोकराचा किंवा मजुराचा मृत्यूआधीच्या ३ महिन्यांतला पगार, मग बाकीची देणी, आणि वारसांचं सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडून आधी भावंडांना वाटप केलं आणि मग बँकेचं कर्ज निघालं तर तुम्हीच अडचणीत येता.

अर्ज कसा लिहायचा

वकील लिहितीलच, पण मजकूर तुम्हाला माहीत असला पाहिजे कारण खाली सही आणि प्रतिज्ञा तुमची असते. इंग्रजीत चालतो, मराठीतही चालतो. साधारण असा:

"मे. न्यायालयाने दिनांक ____ रोजी अर्ज क्रमांक ____ मध्ये कै. ____ यांच्या दिनांक ____ च्या मृत्युपत्राचे प्रोबेट अर्जदारास दिले आहे. अर्जदाराने मालमत्तेची यादी दिनांक ____ रोजी दाखल केली आहे. हिशेब दाखल करण्याची मुदत दिनांक ____ रोजी संपत आहे. परिशिष्टातील अनुक्रमांक १ ते ५ या मालमत्तांचे काम पूर्ण झाले आहे. अनुक्रमांक ६, मौजा ____ येथील भूखंड, याच्या नामांतराचा अर्ज दिनांक ____ रोजी दिला असून तो प्रलंबित आहे, पोच जोडली आहे. अनुक्रमांक ७, ____ कंपनीचे शेअर्स, याबाबतचा दावा दिनांक ____ रोजी दाखल केला आहे, प्रत जोडली आहे. उपरोक्त काम अर्जदाराच्या हयगयीमुळे राहिलेले नाही. आजपर्यंतचा तात्पुरता हिशेब सोबत जोडला आहे. तरी भारतीय उत्तराधिकार कायदा कलम ३१७ अन्वये हिशेब दाखल करण्यास दिनांक ____ पर्यंत मुदत वाढवून मिळावी, ही विनंती."

एवढंच. दीड-दोन पानांच्या वर जाऊ नका. "काही घरगुती अडचणींमुळे" असलं मोघम वाक्य चुकूनही घालू नका, त्यातून कोर्टाला काहीच कळत नाही आणि विरोधकाला सगळं कळतं. किती मुदत मागायची? जेवढी खरंच लागेल तेवढी, ६ महिने साधारण योग्य वाटतात, आयईपीएफ किंवा चालू दावा असेल तर वर्ष मागा पण कारण त्या मापाचं द्या. महिन्या-महिन्याची मुदत मागून सारखं कोर्टात जाण्यात कुणाचाच फायदा नाही. आणि नेमकी तारीख लिहा, "योग्य ती मुदत" असं नाही.

सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, राज्य सरकारने ते मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ केलंय, साध्या कागदावर चालतं, कुणी बाहेर पाचशेचा स्टॅम्प घ्यायला पाठवत असेल तर आधी वकिलांना विचारा. ज्यांना मृत्युपत्राने काही मिळायचंय त्यांची लेखी संमती घेता आली तर सोन्याहून पिवळं, "मुदत द्यायला आमची हरकत नाही" एवढी एक ओळ आणि सही. बाहेरगावी असतील तर कुरिअरने मागवा.

न्यायमंदिरात दाखल करताना

ज्या कोर्टाने प्रोबेट दिलं त्याच कोर्टात जायचं. मधल्या काळात साहेबांची बदली झाली असेल तर त्यांच्या जागी आलेल्यांसमोर. पण एक अडचण येते, प्रोबेट मिळालं तेव्हाच तुमची केस "निकाली" झालेली असते, फाइल रेकॉर्ड रूमला गेलेली असते, त्यामुळे नुसता अर्ज नेऊन बेंच क्लर्कसमोर ठेवला तर ते म्हणतील कशात लावू. म्हणून अर्जावर मूळ केसचा नंबर ठळक लिहा, प्रोबेटची प्रत जोडा, किरकोळ अर्ज म्हणून वेगळी नोंद करायची का जुन्याच नंबरमध्ये घ्यायचा हे फाइलिंगला आधी विचारून घ्या, आणि मूळ रेकॉर्ड मागवायची विनंतीही त्यासोबतच द्या. हे राहिलं की पहिली तारीख नुसतं "रेकॉर्ड आलं नाही" म्हणून जाते.

मूळ अर्ज, गैरअर्जदारांसाठी प्रती, तुमच्यासाठी एक, वकीलपत्र जुनंच चालतं का नवं द्यायचं ते पाहा, दस्तऐवजांची यादी नंबर टाकून, कोर्ट फीचं तिकीट. नोंद झाली की सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) घ्या, १६ अक्षर-अंकांचा असतो, तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकून ठेवा म्हणजे पुढची तारीख घरी बसून दिसते. तरी तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांना फोन कराच.

तारखेला एक्झिक्युटरने स्वतः हजर राहावं, कायद्याने नाही लागलं तरी. न्यायाधीश विचारतात काय राहिलं, का राहिलं, कधी होईल, याची तीन सरळ उत्तरं तयार ठेवा. समोर कुणी हरकत घेणारा असेल तर त्याला "से" (लेखी म्हणणं) द्यायला तारीख मिळते. त्याच्या से मध्ये पैसे खाल्ले वगैरे आरोप आले तर तिथे भांडत बसू नका, तात्पुरता हिशेब आणि बँक स्टेटमेंट पुढे करा. ऑर्डर झाली की नक्कल विभागात सर्टिफाइड कॉपीचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि नवीन तारीख रिमाइंडरमध्ये टाका.

मुदत आधीच उलटून गेली असेल तर

तरी अर्ज करा, आजच. कलमात असं कुठे म्हटलेलं नाही की मुदत संपायच्या आधीच मागायला हवी. पण मग अर्जात उशिराचं कारण तारखेवार लिहा, आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद, कायद्याची माहिती नव्हती असं असेल तर तसंही खरं खरं लिहा पण त्यासोबत काम चालू होतं हे दाखवा. आणि शक्य असेल तर अर्जासोबतच यादी दाखल करून टाका. नुसती मुदत मागणारा आणि मुदतीसोबत अर्धं काम घेऊन येणारा, कोर्ट दोघांकडे सारखं पाहत नाही.

मुदत चालू असताना काय करायचं, काय नाही

एक्झिक्युटरला मालमत्ता विकायचा अधिकार असतो, मृत्युपत्रात बंधन घातलं नसेल तर. लेटर्सवाल्याला मात्र स्थावर मालमत्ता विकायला, गहाण ठेवायला, बक्षीस द्यायला किंवा ५ वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला कोर्टाची आधी परवानगी लागते (कलम ३०७). परवानगीशिवाय केलेला व्यवहार हितसंबंधी माणूस रद्द करून घेऊ शकतो. मुदतवाढीची ऑर्डर म्हणजे विक्रीची परवानगी नाही, हे दोन वेगळे अर्ज.

भावंडं घाई करतील. त्यांना शांतपणे सांगा की मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करायची सक्ती कायदा एक्झिक्युटरवर करत नाही (कलम ३३७), त्याआधी दिलं तर चांगलंच पण देणी फिटल्याशिवाय नाही. इस्टेटीचं व्याज, भाडं यावरचा आयकर तुमच्या स्वतःच्या उत्पन्नात मिसळू नका, वाटप होईपर्यंत ते वेगळं आकारलं जातं, सीएला हे स्पष्ट सांगा. मनपाचा मालमत्ता कर भरत राहा आणि पावत्या फाइलला लावा, तो खर्च हिशेबात येतो.

मध्येच एक्झिक्युटर वारला तर? दुसऱ्या एक्झिक्युटरनेही प्रोबेट घेतलेलं असेल तर तो पुढे नेतो. नसेल तर जुन्या प्रोबेटवर घरातल्या कुणालाच काही करता येत नाही, उरलेल्या मालमत्तेपुरता नवीन प्रतिनिधी नेमायला कोर्टात अर्ज करावा लागतो (कलम २५८). त्यावेळी आधीच्या माणसाचा हिशेब नीट असेल तर नव्याचं निम्मं काम झालेलं असतं.

प्रोबेटच अजून मिळालं नसेल तर

मग गोष्ट वेगळी, तिथे केस जिवंत ठेवायची असते. तारखेला कुणीच गेलं नाही आणि गैरहजेरीत अर्ज काढून टाकला तर ३० दिवसांत पुनर्स्थापनेचा अर्ज द्या. सायटेशन (हितसंबंधी लोकांना कोर्टाची सूचना), नोटीस, पेपरमधली जाहीर सूचना यांचे पैसे आणि पत्ते वेळेत द्या. आणि अर्जच केलेला नसेल तर फार थांबू नका, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगितलंय की प्रोबेटच्या अर्जालाही लिमिटेशनच्या (मुदतीच्या) कायद्याचं आर्टिकल १३७ लागू आहे, ३ वर्षांचं. ती ३ वर्षं मृत्यूच्या दिवसापासूनच मोजायची असं नाही, अर्ज करायचा हक्क उत्पन्न झाल्यापासून मोजायची, पण जेवढा उशीर तेवढा विलबद्दल संशय, हे नक्की.

ज्यांच्याकडे प्रोबेट नाही, फक्त एफडी-शेअर्ससाठी वारसा प्रमाणपत्र (सक्सेशन सर्टिफिकेट) आहे, आणि नंतर नवीन खातं सापडलं, त्यांनी पूर्ण नवी केस करायची गरज नाही, कलम ३७६ खाली त्याच प्रमाणपत्रात वाढ करून मागता येते.

शेवटचा हिशेब

सगळं झालं की अंतिम हिशेब प्रतिज्ञापत्रासह दाखल करा. त्यात तात्पुरत्या हिशेबातली शिल्लक पहिल्या ओळीत आली पाहिजे, शेवटची शिल्लक शून्य आली पाहिजे, आणि प्रत्येकाला दिलेल्या हिश्श्याची सहीची पावती जोडलेली पाहिजे, रोख नाही, बँकेतून. सोबत एक पुरसीस (कोर्टाला माहिती देणारं छोटं लेखी निवेदन) द्या की कलम ३१७ प्रमाणे यादी व हिशेब दाखल झाला आहे, काम पूर्ण आहे. दाखल केल्याच्या शिक्क्याच्या प्रती काढा, एक घरी, एक वकिलांकडे, एक सगळ्यात जास्त प्रश्न विचारणाऱ्या नातेवाईकाला.